अँटिबायोटिकनंतर दही किती कामाचं, आणि तार सुटलेल्या दह्याचं काय करायचं

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका दादांचा आहे, थोडक्यात असा. आई ६२ वर्षांच्या, दाढेच्या इन्फेक्शनसाठी सात दिवस अँटिबायोटिक झालं, कोर्स संपून दहा दिवस झाले तरी पोट जागेवर नाही, दिवसातून दोन-तीनदा पातळ होतं, गॅस धरतो, ताप वगैरे नाही. मेडिकलवाल्याने प्रोबायोटिक कॅप्सूल दिलीय ती महाग वाटते, शेजारच्या काकू म्हणतात घरचं दही खा बाकी काही नको, आणि नेमकी थंडी पडल्यापासून घरच्या दह्याला तार सुटतेय, ते आईला द्यावं का फेकावं. आणि शेवटी एक ओळ, आई विचारतेय मिसळ कधी खायची.

आधी माझं सांगते. मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजी केलं, पहिली अकरा वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये गेली, मग दिंडोरीकडच्या एका वायनरीत, म्हणजे सत्तावीस वर्षं पोट भरतेय ते जंतूंच्या जिवावरच. त्यामुळे जे डॉक्टरांचं आहे ते आधी बाजूला काढते : जुलाब वाढले, रक्त किंवा शेम पडायला लागली, ताप आला, पोटात सारखा मुरडा येतोय, असं काहीही झालं तर दही-कॅप्सूल सगळं सोडून डॉक्टर गाठा आणि अँटिबायोटिक झालंय हे आवर्जून सांगा. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा एक जंतू आहे, अँटिबायोटिकनंतर मोकळी जागा मिळाली की तो माजतो, उतारवयात त्याचा धोका जास्त, आणि तो घरगुती उपायांनी जात नाही. जुलाब थांबवायची गोळी मनाने आणून देऊ नका, तसलं काही असेल तर त्या गोळीने उलट बिघडतं. तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल तर घाबरण्यासारखं दिसत नाही, पण दहा दिवस झालेत तर एकदा दाखवून घ्या, त्यात काही जात नाही.

आता दह्याकडे येते, पण जरा लांबून. डेअरीत माझं दुसरंच वर्ष होतं. पहाटेचं दूध आलं, तापवलं, थंड केलं, दह्याचं कल्चर टाकलं, चार-पाच तासांत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरायला हवा कारण तिथे दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं, तर मीटर सहाच्या वर अडून बसलेला. दूध तसंच पातळ. सुपरवायझर माझ्यावर खेकसतायत, मी कल्चरच्या पाकिटाला शिव्या घालतेय, शेवटी अजून एक पाकीट ओतलं, तरी ढिम्म. मग कुणीतरी म्हणालं टेस्ट तरी लाव. ती टेस्ट मला आजही आवडते, एका छोट्या कुपीत जांभळी जेली असते, जेलीत उष्णता आवडणाऱ्या एका जंतूचे बीजाणू, वर थोडं दूध घालायचं आणि ६४ डिग्रीला अडीच-तीन तास ठेवायचं. जंतू जगले तर आम्ल करतात आणि जेली पिवळी होते. दुधात अँटिबायोटिक असेल तर जंतू उठतच नाहीत, जेली जांभळीची जांभळी. आमची जांभळीच राहिली. कुणाच्या तरी गाईला दगडी, म्हणजे कासेचं इन्फेक्शन झालं होतं, सडात औषधाची ट्यूब सोडलेली, तेवढे दिवस दूध वेगळं काढायचं ते न काढता कॅनमध्ये ओतलं, आणि एका गाईच्या दुधाने आख्खी टाकी अडवली. अक्षरशः विरजण पडलं म्हणायचं तर विरजणच पडलं नाही!

हे एवढं का सांगितलं, तर दुधातल्या जंतूंचं जे झालं तेच तुमच्या आईच्या आतड्यात झालं. औषधाला दाढेतला जंतू कोणता आणि पोटातला कोणता हे कळत नाही. आणि जोवर औषध आत आहे तोवर वरून कितीही कल्चर ओता, ते मरतं नाहीतर गप्प बसतं. आईंचा कोर्स संपलाय, म्हणजे आता टाकी धुतलेली आहे. प्रश्न आहे की त्यात परत कोण राहायला येणार.

माणसाच्या अंगात जंतू किती, यावर वर्षानुवर्षं पुस्तकात छापून आलं की आपल्या पेशींच्या दहापट. मीही कॉलेजात तेच पाठ केलं. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी नीट बसून हिशेब केला तर निघाले साधारण ३८ लाख कोटी जंतू आणि आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीत, आणि सगळ्या जंतूंचं वजन मिळून २०० ग्रॅम. दह्याच्या एका छोट्या डब्याएवढं. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. जठरात आम्ल इतकं कडक की तिथे फार कुणी टिकत नाही, लहान आतड्यात वाहतं सगळं भराभर, आणि मग मोठ्या आतड्यात येऊन गाडी स्लो होते, तिथे यांची वस्ती. ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, बरेचसे तर हवा लागली की मरतात, म्हणून तर लॅबमध्ये वाढवायला एवढे नखरे करावे लागतात.

हे तिथे खातात काय? तर आपल्याला जे पचत नाही ते. भाकरीतला कोंडा, डाळीची सालं, घेवडा, कांदा-लसणातलं इन्युलिन, गार झालेल्या भातातला न पचणारा स्टार्च. ते आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवर जगतात, म्हणजे आपल्या आतड्याची भाकरी हे भाजून देतात म्हणा ना. पुण्याच्या डॉ. योगेश शौचे यांच्या टीमने २०१६ मध्ये छापलेल्या कामात भारतीयांच्या पोटात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या गटातले जंतू जास्त दिसले होते. प्रेव्होटेला हा धान्य-भाजीपाला खाणाऱ्यांच्या पोटात एरवीही जास्त सापडतो, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

दह्यातले जंतू या वस्तीतले नाहीत, हा मुद्दा कुणी नीट सांगत नाही. लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस, हे दुधावर वाढणारे गडी. एका चमच्यात कोट्यवधी असतात, त्यातले काही जठरातून तगून पुढे जातातही, पण मोठ्या आतड्यात कायमचं बस्तान बसवत नाहीत. पाव्हणे आहेत. आले, चार दिवस राहिले, गेले. दही खाणं बंद केलं की थोड्या दिवसांत दिसेनासे होतात.

यावर लोक म्हणतात मग आजीने आयुष्यभर काय उगाच खायला घातलं का. उगाच नाही. एक तर विरजताना दुधातली थोडीफार लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर, संपते आणि उरलेली पचवायला हे पाव्हणे स्वतःचं एन्झाइम घेऊनच येतात, ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक चालतं ते यामुळे. पोट बिघडल्यावर काही दिवस आपलं लॅक्टोज पचवणं मंदावतं, म्हणून आत्ता आईंना दूध देऊ नका, ताक द्या, तेवढ्यापुरता काकूंचा दह्याचा सल्ला अगदी बरोबर आहे. दुसरं म्हणजे पाव्हणासुद्धा घरात काहीतरी घडवून जातो. स्टॅनफर्डला २०२१ मध्ये एक प्रयोग छापला, ३६ माणसं, निम्म्यांना तंतुमय खाणं वाढवलं, निम्म्यांना दही, केफीर, किमची असलं आंबवलेलं, तेही थोडंथोडकं नाही, दिवसाला सहा-सहा वेळा. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंचे प्रकार वाढले आणि गंमत अशी की जे नवीन दिसले त्यातले बहुतेक त्या पदार्थातून आलेलेच नव्हते. तंतुमयवाल्या गटात प्रकार वाढले नाहीत, निदान तेवढ्या आठवड्यांत तरी नाही. हे वाचून मला माझं मत जरा बदलावं लागलं, त्याआधी मी दह्याला फारच हलक्यात घेत होते. पण सहा वाट्या रोज कोण खातंय.

दह्याची ही सगळी कीर्ती मुळात बल्गेरियाकडून आली. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह नावाच्या पोराने जिनिव्हात शिकत असताना गावच्या दह्यातला जंतू शोधला, पुढे पॅरिसचे मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं (ते इम्युनिटीच्या कामासाठी, दह्यासाठी नाही, इथे लोक हमखास घोळ करतात), त्यांनी सांगितलं की बल्गेरियन शेतकरी म्हातारे होतात ते या आंबट दुधामुळे. आपल्याकडे २०१२ ला हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत तोच बल्गॅरिकस भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर झाला. मोर, वाघ, कमळ आणि हा.

आता कॅप्सूल. प्रोबायोटिक म्हणजे एक वस्तू नाही, पाकिटावर मागे बारीक अक्षरात नाव वाचा. सॅकरोमायसिस बोलार्डी असेल तर ते यीस्ट आहे, अँटिबायोटिक त्याला मारत नाही म्हणून गोळ्या चालू असतानाच देतात आणि तेव्हाच त्याचा जास्त उपयोग. हेन्री बोलार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालांवरून ते मिळवलं होतं. त्या प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या असतात त्यात बहुधा बॅसिलस क्लॉसायचे बीजाणू, जठरातलं आम्ल पचवून पुढे जाणारे. आणि मग आठ-दहा जातींचं मिश्रण असलेल्या महागड्या कॅप्सूल. याच वाइझमनमध्ये २०१८ ला एक प्रयोग झाला, अँटिबायोटिक दिलेल्या लोकांपैकी काहींना ११ जातींची प्रोबायोटिक कॅप्सूल, काहींना काहीच नाही. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांची मूळ वस्ती लवकर परतली, कॅप्सूलवाल्यांची रखडली, कारण कॅप्सूलमधले जागा अडवून बसले. माणसं थोडी होती त्यात, त्यामुळे लगेच कॅप्सूल विषारी आहे असं पसरवत बसू नका, पण कोर्स संपल्यावर दहा दिवसांनी महिन्याचा डबा विकत घ्यायला मी स्वतः सांगणार नाही. डॉक्टरांनी काही कारणाने दिली असेल तर घ्या, मेडिकलवाल्याने दिली असेल तर पैसे वाचवा. आणि हो, ज्यांची केमो चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती एकदम कमी आहे त्यांनी जिवंत जंतूंची कुठलीही कॅप्सूल मनाने घ्यायची नाही.

मूळ वस्ती किती दिवसांत परतते? कोपनहेगनमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक देऊन बघितलं, दीड महिन्यात बहुतांश मंडळी घरी परतली, नऊ जाती मात्र सहा महिन्यांनंतरही बऱ्याच जणांत सापडल्या नाहीत. तुमच्या आईंचं औषध त्यामानाने साधं. तेव्हा दहा दिवसांत का नाही झालं म्हणून कासावीस होऊ नका.

मध्येच एक, कारण हे मला सारखं विचारतात, की आंबवलेलं म्हणजे जिवंत जंतू का? नाही हो. इडलीचं पीठ फुगतं ते ल्युकोनोस्टॉकमुळे, तो गॅस सोडतो आणि उडदाचा चिकटपणा तो गॅस धरून ठेवतो, पण कुकरमध्ये वाफ लागली की सगळे खलास. कुरडईचं तर त्याहून मजेशीर. आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात चैत्र-वैशाखात गहू तीन दिवस भिजायचा, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी तो जो आंबूस वास बोळभर सुटायचा तो लॅक्टिक जंतूंचाच, त्यांनी गहू मऊ केला म्हणून दाबला की चीक सुटतो. पाणी बदलायला कुणी विसरलं की आजी बोळाच्या टोकावरून ओळखायची. मग चीक शिजवला, कुरडया घातल्या, उन्हात वाळल्या, जंतू गेले आणि त्यांचं काम राहिलं. अनारशाच्या तांदळाचंही तेच. आपलं कैरीचं लोणचं तर मिठावर, आंबटपणावर आणि तेलावर टिकतं, त्यात जंतू फार वाढूच देत नाही आपण. आणि वायनरीत टेस्टिंगला आलेले पाहुणे ग्लास हलवत विचारायचे, मॅडम, हे पण प्रोबायोटिकच ना? यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, रेड वाइनमध्ये नंतर इनोकोकस येऊन मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करतो, सगळं खरं, पण बाटलीत भरण्याआधी आम्ही गाळून दोघांना बाहेर काढलेलं असतं. द्राक्षाच्या मण्यावर जी पांढरट पावडर दिसते ना, ते यीस्ट आहे असंही कुणीतरी पसरवून ठेवलंय, ते मेण आहे. भुरी असेल तर गोष्ट वेगळी, मग तो रोग आहे आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

बरं, तार. दह्याला तार सुटते म्हणजे चमचा उचलला की अळूच्या फतफत्यासारखी लांब दोरी येते. ती जंतूंनी बनवलेली साखरेची साखळी असते. दही कमी तापमानाला खूप वेळ लागत राहिलं की थंडी मानवणारे लॅक्टोकोकस, ल्युकोनोस्टॉक वगैरे वरचढ होतात आणि त्यातले काही ही साखळी सोडतात. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा आपल्या ओट्यावरही रात्री फार वेगळं नसतं, तिथे दूध दहा मिनिटांत गार. वास आणि चव ठीक असेल, दूध नीट उकळलेलं असेल तर ते दही खाल्ल्याने काही होत नाही, फिनलंडमध्ये व्हीली नावाचं असंच तार सुटणारं दही मुद्दाम लावतात आणि आवडीने खातात. पण कडू लागलं, घाण वास आला, गुलाबी-नारिंगी डाग किंवा बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं खाऊ नका, आख्खं फेका. आणि आईंचं पोट आत्ता नाजूक आहे, तर तारवालं तुम्ही खा, त्यांना नवीन लावून द्या.

नवीन म्हणजे विरजणच नवीन, कारण तेच विरजण परत वापरलं तर तेच जंतू परत. शेजारून चांगलं कवडी दही मागून आणा. दूध उकळून मग पाच-सात मिनिटं मंद आचेवर राहू द्या, त्याने दही घट्ट लागतं. थंड होऊ द्या, स्वच्छ बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सुखाने ठेवता आलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर ४२ च्या आसपास. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, थंडीत दीड, फेटून सगळीकडे मिसळा, नुसतं मध्ये टाकून झाकू नका. मग ऊब. मी स्टीलचा डबा जुन्या शालीत गुंडाळून कॅसरोलमध्ये ठेवते, माझी वहिनी गव्हाच्या पिंपात खोचते, दोन्ही चालतं. पाच-सहा तासांत लागलं की लगेच फ्रीजमध्ये, रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. असं दोन-तीनदा केलं की उष्णतेचे गडी वर येतात आणि तार जाते. मिरचीचे देठ टाकून दही लावायचे व्हिडिओ फिरतात, लागतं कधीकधी, पण देठावर कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं, आजारी माणसासाठी तो खेळ नको.

आईंना काय द्यायचं तर आठवडाभर मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं, पाणी भरपूर. मग जसं पोट आवळेल तसं वस्तीचं खाणं हळूहळू वाढवा, आधी ज्वारीची भाकरी, मग सालीची डाळ, मोड आलेली मटकी शिजवून, घेवडा, गवार. एकदम वाढवलं तर गॅस धरेल, कारण खाणारे अजून पुरते परतलेले नाहीत. शिळा भात चांगला असतो म्हणून काही लोक तो ओट्यावर ठेवतात, तसं करू नका, भातात बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही जगतात, भात लगेच फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि नंतर नीट वाफवून खा. आणखी एक, पुढे कधी सिप्रोफ्लोक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी मिळाली तर ती दह्या-दुधाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियम औषधाला धरून बसतं, किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

राहिली मिसळ. पोट सलग चार-पाच दिवस नीट राहिलं की न्या आईंना, मटकी आहे, कांदा आहे, वस्तीला दोन्ही आवडतं. काळ्या मसाल्याचा रस्सा पहिल्या वेळी वाटीभरच, तर्री बाजूला काढायला सांगा, आणि बरोबर दह्याची वाटी येतेच, ती तुम्ही नका उचलू, त्यांनाच खाऊ द्या.